वेणी संपली की बोलणंही संपावं

लाखनी, जि. भंडारा
पोळ्याचा दुसरा दिवस

प्रिय बेटा,



आज पहाटे मारबत, गावाची रोगराई सोबत नेणारी ती पुतळी, गेली. उजाडायच्या आतच गल्लीत पोरांचा गलका सुरू झाला. खोकला, ताप, डास, माश्या असं एकेकाचं नाव घेत, ते सगळं सोबत न्यायला तिला बजावत पोरांनी तिला शिवेबाहेर नेलं. मी दाराशी उभी होते आणि मनात तुझा कालचा मेसेज घोळत होता. अख्खं गाव मोठमोठ्यानं ओरडत होतं, पण त्या ओरडण्यानं कुणाचंच मन दुखावलं नाही. गावानं रोगांची नावं घेतली, रोग्यांची घेतली नाहीत. तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला तिथेच मिळालं. उरलेलं लिहायला बसले आहे. हे पत्र तुझ्या नावानं आहे, पण तुझ्यासारखे जे कोणी नव्यानं वर्गात उभे राहिले आहेत, त्या सगळ्यांनी ते वाचावं असं मला वाटतं.

तू लिहिलंस ते असं. अकरावीच्या वर्गात तू ‘अपब्रेड’ या क्रियापदाचा अर्थ विचारलास. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, ‘वर वेणी घालणे.’ वर्ग हसला. धडा तू दोनदा समजावून सांगितला होतास, म्हणून तुला राग आला. आणि तू तिला म्हणालीस, की दहावीत कशीबशी काठावर पास झालेली तू, तुम्हा खेड्यातल्या पोरींना वेणीफणीशिवाय दुसरं सुचतं तरी काय? त्यानंतर दोन दिवस ती कॉलेजात आलेली नाही. तू विचारतेस, ‘आत्या, मी चुकले का?’

आधी शब्दाचं बघू, कारण उत्तर त्या शब्दातच दडलेलं आहे.

रागावण्यासाठी इंग्रजीत पुष्कळ क्रियापदं आहेत. ‘स्कोल्ड’ रोजच्या वापरातलं, आईनं मुलाला रागवावं तसं. ‘चाइड’ हळुवार, कधी लाडानं दटावणारं. ‘रेप्रिमांड’ला सरकारी शिक्क्याचा वास येतो, साहेबानं हाताखालच्याला लेखी समज द्यावी तसा. ‘बिरेट’ म्हणजे लांबलचक, तावातावानं झाडणं. ‘अपब्रेड’ यांच्यापेक्षा कमी भेटणारं, पुस्तकी वळणाचं. बोलण्यात ते क्वचितच येतं, पण कादंबरीत, अग्रलेखात, कोर्टाच्या बातमीत दिसतं. त्यात रागापेक्षा आरोप मोठा असतो. एखाद्याचा दोष त्याच्यासमोर मांडून ‘हे तू केलंस’ असं म्हणणं, हा त्याचा गाभा. म्हणून त्याच्यामागे बहुतेक वेळा ‘फॉर’ येतं आणि ‘फॉर’नंतर ती चूक येते. उशीर केल्याबद्दल, वचन मोडल्याबद्दल, हयगय केल्याबद्दल. नुसतं ओरडून हे क्रियापद पुरं होत नाही, कशाबद्दल ते सांगावं लागतं. माणूस स्वतःलाही ‘अपब्रेड’ करू शकतो. आपण म्हणतो ना, मन खात राहिलं, तसंच ते.

मराठीत याला एकच एक शब्द नाही. मोल्सवर्थ यांचा मराठी–इंग्रजी कोश १८३१ मध्ये आला, १८५७ मध्ये तो वाढवून पुन्हा निघाला आणि मधल्या काळात, १८४७ मध्ये, थॉमस कँडी यांचा इंग्रजी–मराठी कोश झाला. तेव्हापासून आजपर्यंत असा शब्द समोर आला की मराठी माणूस एकाऐवजी तीन-चार शब्द पुढे ठेवतो. खडसावणे, दूषण देणे, बोल लावणे. यातला ‘बोल लावणे’ मला सगळ्यांत जवळचा वाटतो. आपल्याकडे तर ‘रागावणे’ म्हणायचीही गरज पडत नाही. घरी येऊन पोर एवढंच सांगते, ‘माय मले बोलली.’ त्यात सगळं आलं. बोलणं हेच रागावणं, आणि ते खायचं असतं म्हणून ‘बोलणी खाल्ली’.

आता त्या मुलीच्या उत्तराकडे ये. ‘ब्रेड’ म्हणजे वेणी, हे तिला ठाऊक होतं. ‘अप’ म्हणजे वर. दोन्ही जोडून तिनं अर्थ काढला. पाठ केलेलं काहीच नसताना माणूस डोकं चालवून जे करेल तेच तिनं केलं. आणि मुळाकडे जाऊन पाहिलं तर ती फार लांब गेलेली नाही. जुन्या इंग्रजीत ‘ब्रेग्दन’ असं एक क्रियापद होतं. झटकन हलवणं, ओढणं, तलवार उपसणं, तसंच विणणं आणि गुंफणं, असे त्याचे अर्थ. त्याच्यापासूनच पुढे वेणीचा ‘ब्रेड’ आला आणि त्याच क्रियापदाला ‘अप’ जोडून हजारेक वर्षांपूर्वी ‘अपब्रेड’ झाला. दोन्ही शब्द एकाच आईची लेकरं. तुझ्या वर्गातल्या त्या पोरीनं नुसत्या कानानं हे नातं ओळखलं. मी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, पण या दोन शब्दांचं नातं मला नोकरीच्या अखेरच्या वर्षांत एका कोशात सापडलं.

आता त्यातला ‘अप’ बघ. हा ‘अप’ म्हणजे वर काढणं, समोर आणून टाकणं. दोष खालून वर ओढून माणसाच्या तोंडापुढे धरणं. शब्दाची ताकद तिथेच आहे आणि धोकाही तिथेच. कारण वर काढायला बसलं की माणूस थांबत नाही. आजची चूक काढता काढता कालची निघते, मग भावाची, मग बापाची, मग गावाची. आपण त्याला उणंदुणं काढणं म्हणतो, पाढा वाचणं म्हणतो. तुझ्या वाक्याचे दोन भाग करून बघ. शब्दाचा अर्थ चुकला, ही आजची गोष्ट. ती तू बोललीच नाहीस. दहावीचे मार्क, खेडं, पोरीची जात, हे सगळं तू वर काढलंस. यातली कुठली चूक ती उद्या दुरुस्त करून आणू शकणार होती?

हे मी तुला वरून सांगत नाही. मी स्वतः हे केलेलं आहे आणि त्याची किंमत दुसऱ्यानं भरली आहे.

बावीस-तेवीस वर्षं झाली असतील. जुलैचे दिवस होते, धानाची रोवणी जोरात चालली होती. नववीतला एक मुलगा त्या आठवड्यात तिसऱ्यांदा उशिरा आला. पोटऱ्यांवर चिखल वाळलेला, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. मी त्याला दारातच उभं केलं आणि भर वर्गात म्हणाले, ‘तुझा मोठा भाऊही असाच होता. त्यानं नववीत शाळा सोडली, तूही सोडशील. तुमच्या घरात शाळा लागते कुणाला?’ तो पायांकडे बघत उभा राहिला. पुढच्या आठवड्यापासून तो आला नाही. नंतर कळलं, बाप अंथरुणाला खिळलेला होता. हा मुलगा उजाडायच्या आत आईबरोबर लोकांच्या बांध्यांत जायचा, पऱ्ह्यांच्या, म्हणजे रोपांच्या, जुड्या वाहून द्यायचा आणि तिथून शाळेत पळत यायचा.

पुढे बऱ्याच वर्षांनी तुमसरला एका राईस मिलमध्ये तो मला भेटला. त्यानंच ओळखलं. बसायला स्टूल दिलं, चहा मागवला. निघताना म्हणाला, ‘म्याडम, उशिराचं बोलल्या तं बोलल्या, उशीर तं व्हायचाच. पण भावाचं नाव काहून घेतलं? भावानं माह्यासाठी शिकनं सोडलं होतं. माही वह्या-पुस्तकं त्याच्या मजुरीवर होती.’

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. इतकी वर्षं एक प्रश्न जपून ठेवलेला होता, तो त्यानं विचारला. माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवशीच्या धड्यातला एक शब्दही त्याला आठवत नव्हता. मी काय वर काढलं, तेवढंच आठवत होतं. ‘अपब्रेड’चा अर्थ मला कोशाच्या आधी त्यानं शिकवला, बेटा.

म्हणून रागावूच नये का? असं मी म्हणणार नाही. चूक दिसत असून जो बोलत नाही, त्याला समोरच्याची पर्वा नाही. आपल्या मराठीतले रागवायचे शब्द नीट ऐक. खरडपट्टी, झाडणे, तासणे, कानउघाडणी. खरडायची काय, तर बुडाशी धरलेली करप. झाडायची धूळ. तासायचं ते लाकडाचं खडबडीतपण. उघडायचे कान. यातला एकही शब्द वस्तू फेकून द्या म्हणत नाही. भंडाऱ्याला पितळेचं गाव म्हणतात, आणि आपल्या घरात चिंच नि राख लावून पितळी गुंड घासताना तू तुझ्या आजीला पाहिलं आहेस. काळं निघेपर्यंत ती जोर लावायची आणि पिवळं चमकलं की हात थांबवायची. त्यापुढे घासलं तर पितळच झिजतं. शब्द बनवणाऱ्यांना हे कळत होतं. वापरताना आपण विसरतो.

रागावण्याचा हक्क कुणाला, हाही प्रश्न जुना आहे. इंग्रजी ‘स्कोल्ड’चं मूळ बहुधा उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतल्या ‘स्काल्ड’मध्ये, म्हणजे कवी या शब्दात आहे. उपहासाची, निंदेची कवनंही रचणारे ते कवी. पुढे इंग्लंडात तोच शब्द भांडखोर बाईसाठी राखून ठेवला गेला आणि तिच्यासाठी ‘कॉमन स्कोल्ड’ नावाचा गुन्हा झाला. जास्त बोलते म्हणून बाईला खुर्चीला बांधून पाण्यात बुडवत. कायद्याच्या पुस्तकातून तो गुन्हा १९६७ मध्ये काढला गेला. पुरुष रागावला तर शिस्त आणि बाई रागावली तर गुन्हा, अशी ती वाटणी. वर्गातही अशी एक वाटणी असते. आपण बोलायचं आणि त्यांनी खायचं. आपल्या हातात खडू आहे, हजेरीपट आहे, मार्क आहेत. त्यांना उलट बोलायची सोय नाही. म्हणूनच २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सतरावं कलम आलं आणि १ एप्रिल २०१० पासून ते लागू झालं. मुलाला मारायचं तर नाहीच, त्याचा मानसिक छळही करायचा नाही, असं ते कलम सांगतं. तो कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा आहे. तुझी अकरावीची मुलगी वयानं त्यात बसत नाही, हे मला माहीत आहे. पण चौदा वर्षं पुरी झाली म्हणून कुणाचं मन निबर होत नाही.

आपल्या मातीत रागावण्याची दुसरीही एक रीत आहे. मुक्ताबाईनं ताटी लावून बसलेल्या थोरल्या भावाला बोल लावले, वयानं लहान असून. संतांनी तर विठ्ठलालाही सोडलं नाही. म्हणजे बोलणं वरून खालीच जायला हवं असं नाही, खालूनही ते वर जातं आणि ऐकणारा ते ऐकून घेतो. आणि आपल्या विदर्भातले गाडगेबाबा आठव. १८७६ मध्ये अमरावतीकडच्या शेंडगावात जन्मलेला हा माणूस १९५६ मध्ये जाईपर्यंत गावोगाव लोकांना बोलत राहिला. कर्ज काढून सण करता म्हणून, दारू पिता म्हणून, देवापुढे बकरं कापता म्हणून, शिवाशिव पाळता म्हणून. तरी माणसं रात्र-रात्र कीर्तनाला बसत. का बसत? एक तर बाबा त्यांच्याच वऱ्हाडी बोलीत बोलायचे. दुसरं, ते प्रश्न विचारायचे आणि उत्तर लोकांच्या तोंडून काढायचे. आणि तिसरं, जे मला सगळ्यांत मोठं वाटतं. रात्री कीर्तनात बोलणारा हा माणूस दिवसा हातात खराटा घेऊन त्याच गावाचे रस्ते झाडत असायचा. बोलण्याचा हक्क त्यांनी असा मिळवला होता. आपण कुणाला झाडण्याआधी त्याच्यासाठी काय झाडलं, हे मी तुमसरच्या त्या भेटीपासून मोजत आले. त्या नववीतल्या मुलासाठी मी काही झाडलं नव्हतं. तो कुठून येतो, एवढंही विचारलं नव्हतं.

बोलीवरून आणखी एक सांगते. तू पुण्यात शिकलीस, तुझी भाषा सफाईदार झाली, याचा मला आनंद आहे. पण तुझ्या वर्गातली पोरं ‘पानी’ म्हणतील, डोळ्याला ‘डोरा’ म्हणतील. ‘ण’ आणि ‘ळ’ त्यांच्या जिभेवर नाहीत, कारण आपल्या झाडीबोलीत ते नाहीतच. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीचा आयुष्यभर अभ्यास केला, तिचा शब्दकोश केला. ज्या बोलीला कोश आहे, नियम आहेत, तिला चूक कसं म्हणायचं? तरी पिढ्यान्‌पिढ्या आपण पोरांना तिच्यावरून बोलणी खायला लावली. परीक्षेत ‘पाणी’ लिहायला जरूर शिकव. पण ‘पानी’वरून वर्ग हसला, तर बोलायचं ते हसणाऱ्यांना.

‘अपब्रेड’ हा शब्द बायबलच्या १६११ च्या इंग्रजी भाषांतरातही येतो. याकोबाच्या पत्रात एक जागा आहे. ज्याला शहाणपण कमी पडतं त्यानं ते देवाकडे मागावं, देव सगळ्यांना सढळ हातानं देतो आणि मागणाऱ्याला ‘अपब्रेड’ करत नाही, अशा अर्थाची. मी ख्रिस्ती नाही, पण शिक्षकानं जपून ठेवावी अशी ती जागा आहे. ज्याला येत नाही तोच वर्गात येतो. येत नाही म्हणून त्याला बोल लावला, तर पुढच्या वेळी तो मागायला हात पुढे करणार नाही. तुझी मुलगी चुकलं तरी उठून उभी राहिली होती. वर्गातले बाकीचे सगळे गप्प होते.

आता माझ्या मायचं, म्हणजे तुझ्या आजीचं सांगते आणि पत्र संपवते.

मायला शाळा ठाऊक नव्हती. पण बोलायची तिची एक वेळ ठरलेली होती. दिवसभरात मी काहीही केलं तरी ती लगेच बोलायची नाही. सकाळी शाळेच्या आधी ओसरीत खोबरेलाची वाटी, फणी आणि लाल रिबिनी घेऊन बसायची, मला पुढ्यात घ्यायची आणि वेणी घालता घालता बोलायची. एकदा मी न सांगता जुन्या तलावावर गेले होते. फणी फिरायला लागली तशी ती म्हणाली, ‘काय वं, तलावावर एकटी काहून गेल्ती?’ मग केसांचे पेड पाडत, ‘चिखलात पाय रुतला असता तं कोनाले समजलं असतं?’ आणि शेवटी, ‘उद्यापासून मावशीसंगं जाजो.’ काय केलं, त्यानं काय झालं असतं आणि आता पुढे काय करायचं. तिन्ही पेड गुंफून झाले की रिबिनीचं फूल बांधायची, पाठीवर हात ठेवून उठवायची आणि म्हणायची, ‘जाय, घंटा झाली असंल.’ वेणी संपली की बोलणं संपलं. संध्याकाळी तो विषय निघत नसे. दुसऱ्या दिवशी नाही, वर्षानं नाही, मी दोन लेकरांची आई झाल्यावरही नाही. जे एकदा गुंफून बांधलं ते तिनं पुन्हा कधी सोडलं नाही.

बोलताना माझे केस तिच्या हातात असायचे, म्हणून मला पळता येत नसे. पण तिच्या हातात केस आहेत, हे तीही विसरत नसे. जोरात ओढलं तर दुखेल, हे तिच्या बोटांना ठाऊक होतं. वर्गात मुलांचे केस असेच आपल्या हातात असतात, बेटा.

म्हणून विचारलंस त्याचं उत्तर, हो, तू चुकलीस. तुला मी हे आज एकदाच म्हणते आहे, पुन्हा काढणार नाही. आता पुढचं ऐक. उद्या रविवार. त्या मुलीच्या गावी जा. निरोप पाठवू नकोस, स्वतः जा. आधी तिच्या आईजवळ बस. मग मुलीला सांग, की तुझं उत्तर परीक्षेच्या कागदावर चूक आहे, पण शब्दाच्या मुळाशी तू पोचली होतीस. ‘ब्रेग्दन’ची गोष्ट तिला सांग. आणि जे तू बोललीस त्यातलं दहावीचं, खेड्याचं आणि वेणीफणीचं, असं एकेकाचं नाव घेऊन ते परत घे. नुसतं ‘सॉरी’ पुरणार नाही. कशाबद्दल, हे सांगितल्याशिवाय जसं ‘अपब्रेड’ पुरं होत नाही, तशी माफीही होत नाही.

सोमवारी फळ्यावर तो शब्द पुन्हा लिही. त्याच्याखाली वर्गाला आपापल्या घरचे रागवायचे शब्द सांगायला लाव. कुणाची माय बोलते, कुणाची चिल्लावते, कुणाचे आबाजी नुसते डोळे वटारतात. फळा भरून जाईल. मग ज्याला त्याला विचार, कोणत्या बोलण्यानं तू सुधारलास आणि कोणत्या बोलण्यानं घरातून निघून जावंसं वाटलं. त्या दोन रांगा शेजारी-शेजारी लिहून झाल्या की तुला वेगळं काही शिकवावं लागणार नाही, आणि वर्गालाही हा शब्द जन्मभर विसरता येणार नाही.

परत आलीस की फोन कर. तू काय बोललीस ते नंतर सांग. ती काय बोलली, ते आधी.

तुझी,
आत्या